गजोबाच्या गाठी

"…आनि वारं सुटलं तर, बुवा? मग?"

"सुटलं म्हंजे? आधी कुनी बांधलं हुतं व्हय ते?"

जोतिराम हातातला दोर तसाच धरून बुवांकडे बघत राहिला.

"बोलायची रीत हाय ती, बुवा. वारं सुटलं असंच म्हंत्यात समदी."

"म्हंत्यात खरं," बुवा म्हणाले आणि चहाची बशी तोंडाला लावली.

जोतिराम पुन्हा खाली बसला. आधीच्या गाठीवर त्यानं आणखी एक गाठ मारली, पायाचा अंगठा लावून दोर ओढला आणि समाधानानं हात झटकले.

"आता हलवून दाखवा म्हनावं."

"कुनाला म्हनू?" बुवांनी विचारलं.

जोतिराम पुढचा दोर उलगडायला लागला…

भानपुरी बुवांची मठी पठाराच्या अगदी कडेला आहे. तिथं सरळ उभं राहिलेलं झाड शोधून सापडत नाही. वाऱ्यानं सगळी एकाच अंगाला कलंडवलेली. अशा जागी बुवांनी दगडी कुंपण घालून मागं बाग केली. मोगरा, कर्दळ, पेरू. लोक म्हणायचे, इथं बाग म्हणजे बुवांचा हट्ट. बुवा म्हणायचे, हट्ट मोगऱ्याचा आहे, मी नुसतं पाणी घालतो. सकाळी ते बागेत येऊन बसत. कुणी काही विचारायला आलं तर बोलत, नाहीतर मोगऱ्याकडे बघत बसत. आमच्यासारखे येणारे-जाणारे मठीच्या पडवीत टेकत.

जोतिराम शेवाळे हा त्यांच्याजवळ राहणारा एकुलता एक शिष्य. केस पिकल्यावर शिष्य झालेला. त्याआधी सगळी हयात त्यानं मांडव घातले. आसपासच्या गावांत लग्न कुणाचंही असो, मांडव जोतिरामाचा. वासे त्याचे, ताडपत्री त्याची आणि गाठ तर त्याचीच. सुरगाठ त्याला माहीतच नव्हती म्हणा ना. एक टोक ओढलं की सुटते ती कसली गाठ, असं त्याचं म्हणणं. तो मारायचा निरगाठ. तीही एकावर एक.

ह्यात अतिशयोक्ती नाही. त्याच्या गाठी मी पाहिल्यात. गावातल्या बायका हौसेनं लोणच्याच्या बरणीला त्याच्याकडून फडकं बांधून घेत आणि मग वर्षभर लोणच्याला मुकत.

आणखी एक अभिमान होता त्याला. दोर कधी कापायचा नाही. मांडव उतरवताना दातांनी, नखांनी, खिळ्यानं, कशानंही गाठ सोडवायची. पण दोराला विळा लावायचा नाही. "दोर कापला त्यो मांडववाला कसला," असं तो छाती पुढं काढून सांगायचा.

त्याचा मुलगा अंकुश त्याच धंद्यात त्याच्या हाताखाली वाढला. पोरगा गुणी. पण त्यानं गाठ मारली की जोतिराम मागून यायचा, ती सोडायचा आणि स्वतःची मारायचा. घरी नव्हे, चारचौघांत. पोराला मिशा फुटल्या, त्याचं लग्न झालं, तरी ह्याचं चालूच. एका लग्नात तर वऱ्हाड दारात आलं, वाजंत्री वाजायला लागली आणि हा शिडीवर चढून पोराची गाठ सोडतोय! लोक हसले. अंकुशनं खांद्यावरचा दोर खाली ठेवला.

"बाबा, तुमच्या गाठी तुमाला."

एवढंच म्हणाला आणि गेला. शहरात जाऊन त्यानं स्वतःचा धंदा मांडला. लोखंडी नळ्यांचे मांडव, वर शिवलेलं कापड. जोतिरामनं त्याच्या दारात पाऊल टाकलं नाही. घरात मन रमेना म्हणून एक दिवस मठीत आला. "बुवा, समदं सोडून आलो," म्हणाला.

बुवांनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. दोराचं भेंडोळं खांद्यावर होतं.

"बरं केलंस," बुवा म्हणाले. "ते तेवढं त्या खुंटीला अडकव."

पुढं एकदा उन्हाच्या दिवसांत मठीच्या दारात टेम्पो थांबला. अंकुशनं बुवांसाठी काहीतरी पाठवलं होतं. चार लोखंडी पाय, वर आडव्या नळ्या आणि त्यावर टोपीसारखं बसणारं पांढरं जाड कापड. म्हाताऱ्याच्या डोक्यावर ऊन नको म्हणून. ड्रायव्हरनं ते बागेत उभं करून दिलं आणि सांगितलं, ह्याला गझिबो म्हणतात.

सोनाबाई तिथं फुलं वेचत होती. मठीचं झाडणं-सारवणं ती बघते. कानानं जरा कमी. तिनं ऐकलं, गजोबा.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका लोखंडी पायाला हळदकुंकू लागलेलं आणि पुढ्यात नारळ!

जोतिराम संतापला. "ए सोनाबाई, द्येव न्हाई त्यो! नळ्या हायत्या नुसत्या, नळ्या!"

"असू दे की," बुवा म्हणाले. "तिनं नाव ठिवलंय. तुझ्यागत नावं तर ठिवली न्हाईत?"

झालं. तेव्हापासून तो गजोबा. बुवा गजोबाखाली बसत, गजोबाखाली चहा घेत. खालच्या वाडीतली एक सासुरवाशीण गजोबाला नवस बोलून गेली म्हणतात. खरंखोटं गजोबाला ठाऊक.

टेम्पोवाल्यानं अंकुशचा निरोपही आणला होता. वारं वाढायला लागलं की आधी वरचं कापड काढायचं. कापडाला चिमटे आहेत, दाबले की सुटतं. सांगाडा कुठं जात नाही.

"कापड काढायचं, तर मांडव घालायचा कशाला?" जोतिराम म्हणाला. त्यानं चिमटे काढून सोनाबाईला दिले आणि कापडाचे चारी कोपरे आपल्या दोरानं, आपल्या गाठींनी बांधून टाकले. मग पायांना दोर. ते दोर कुंपणाच्या धोंड्यांना. धोंड्यांवर विश्वास बसेना म्हणून पेरूच्या झाडाला. रोज सकाळी एखादा दोर वाढायचा. बुवांना आपल्याच बागेत कमरेत वाकून शिरावं लागायला लागलं.

निरोपाचं शेवटचं वाक्य असं होतं, की मी स्वतः येऊन नीट लावून देऊ का, ते बाबांना विचारा.

बुवा विचारत. अधूनमधून, सहज.

"जोतिरामा, अंकुशाची गाठ घालून द्यू का?"

"त्याची गाठ?" जोतिराम फणकारायचा. "त्याला गाठ मारता येती कुठं!"

बुवा मोगऱ्याकडे बघत बसत…

पण रात्री जेवताना जोतिरामचा घास मधेच थांबायचा, हे बुवांना दिसत होतं. टेम्पोचा आवाज आला की तो हातातलं काम टाकून दारात यायचा, हे आम्हालाही दिसत होतं. लेकाशिवाय त्याला करमत नव्हतं आणि लेकाला ये म्हणायला तोंड उघडत नव्हतं. असा हा सगळं सोडून आलेला माणूस.

तर त्या दिवशी सकाळी, वारं सुटलं तर काय, असं तो विचारत होता, त्याला कारण होतं. समुद्रात वादळ उठलंय, पठारावर जोराचं वारं येईल, असं सगळ्यांच्या मोबाईलवर आलं होतं.

दुपारी ते आलं.

आधी मोगरा आडवा झाला. मग धूळ उठली, पलीकडचा डोंगर दिसेनासा झाला आणि पाऊस तिरका मारायला लागला. बुवांना हाताला धरून आम्ही पडवीत आणलं. जोतिराम मात्र बागेत धावला.

गजोबाचं कापड टम्म फुगलं होतं. वारं खालून शिरून त्याला वर उचलत होतं आणि कापड सुटत नाही म्हणून सगळा सांगाडाच उचलला जात होता. एक पाय जमिनीवरून वीतभर वर आला, धपकन खाली आपटला, पुन्हा वर आला. पेरूची फांदी कडाडली आणि दोरासकट लोंबली. जोतिरामनं पाय पकडला. दोन्ही हातांनी मिठी मारली आणि सगळं वजन टाकून लोंबकळला.

"जोतिरामा, सोड त्ये!" बुवांनी पडवीतून हाक मारली.

"सोडलं तर उडंल, बुवा!"

"उडू दे!"

"त्यानं…" वाऱ्यात त्याचे शब्द तुटत होते. "माझ्या पोरानं दिलंय त्ये!"

बुवा क्षणभर थांबले. मग त्यांनी कोपऱ्यातला गवत कापायचा विळा उचलून कमरेला खोचला आणि आम्ही काही म्हणायच्या आत पावसात उतरले. मी मागून धावलो तर माझ्याकडे वळून नुसतं बघितलं. त्या बघण्यानं मी पायरीवरच थांबलो.

म्हातारा डुलत डुलत गजोबापाशी गेला आणि समोरचा पाय धरून उभा राहिला.

"बुवा! आत जावा! आत जावा तुमी!"

"तू हाईस की हितं."

"मी धरतो!"

"मग मी बी धरतो."

"अवो डोक्यात पडंल तुमच्या!"

"पडंल की."

भगवं धोतर पायांना चिकटलेलं, दाढीतून पाणी गळतंय. नळी वर उचलली गेली तशी बुवांची टाचही जमिनीवरून उचलली गेली.

ते बघून जोतिरामनं मिठी सोडली आणि कापडाच्या कोपऱ्याकडे झेप घेतली. नखं लावली. दात लावले. पण दोर भिजला होता. भिजलेल्या दोराची निरगाठ आणि तीही जोतिरामची. ती कुणाला दाद देणार? स्वतः जोतिरामलाही देईना.

"सुटत न्हाई… बुवा, सुटत न्हाई वो…"

बुवांनी एका हातानं विळा काढून पुढं केला.

जोतिराम विळ्याकडे बघत राहिला.

"दोर… कापू?"

"नगं तर ऱ्हाऊ दे. उभं ऱ्हाऊ दोघं जन."

जोतिरामनं विळा घेतला.

पहिला दोर कापताना तो रडत होता. पावसात दिसलं नाही, पण आवाज आम्हाला ऐकू आला. मग दुसरा कापला, तिसरा कापला. शेवटच्या कोपऱ्याला विळा लागतोय न लागतोय तोच कापडानं हिसका दिला आणि ते कुंपणावरून दरीकडे निघून गेलं.

सांगाडा आपल्या चारी पायांवर आला. एकदा कुरकुरला आणि उभा राहिला. वारं नळ्यांमधून आरपार जात होतं. त्याला आता धरायला काही उरलंच नव्हतं.

पडवीत जोतिरामनं आपल्या पंच्यानं बुवांचं डोकं पुसलं, मग पाठ, मग पायाची बोटंसुद्धा. पुसता पुसता बडबडत होता.

"काय झालं असतं म्हंजे? ह्या वयात पावसात जात्यात व्हय? म्या काय केलं असतं मग? कुनाकडं जायचं हुतं म्या?"

बुवा हसले. त्याचा ओला पंचा काढून घेऊन त्यांनी त्याचंच डोकं पुसायला सुरुवात केली. एखाद्या लेकराचं पुसावं तसं, खसाखसा.

"बुवा, म्या तुमच्यापायीच बांधत हुतो."

"ठावं हाय मला."

"तुमच्या डोक्यावर पडू न्हये म्हनून…"

"ठावं हाय, बाबा."

पत्र्यावर पाऊस वाजत होता…

"बांधलंस माझ्यापायी," बुवा म्हणाले. "सोडलंस बी माझ्यापायी. ह्यातलं जड कंचं गेलं?"

जोतिराम मांडीवरचा दोराचा तुकडा बोटाला गुंडाळत राहिला.

"…सोडाय."

बुवांनी मान हलवली.

"अंकुशाची गाठ बी म्या सोडायचो, बुवा. त्यानं मारलेली. लोकांच्या म्होरं."

"ती जड जायची?"

"…न्हाई." त्यानं दोराचा तुकडा खाली ठेवला. "ती कदी जड न्हाई गेली."

पाऊस थोडा उतरला. जोतिरामनं माझ्याकडे हात पुढं केला. मला आधी कळेना. मग मी फोन दिला. नंबर त्याला पाठ होता.

"अंकुश… म्या बोलतोय… आरं, गजोबा उडाला."

पलीकडून अंकुशचा आवाज आम्हाला स्वच्छ ऐकू आला. "कोन गजोबा? काय झालं त्यास्नी?"

"आरं, न्हाई… तुझा त्यो… कापड उडालं. म्याच दोर कापलं. सांगाडा हाय."

"सांगाडा हाय न्हवं? मग झालं तर." थोडा वेळ नुसती खरखर. "बाबा, तुमी बरं हायसा न्हवं?"

फोन कानाला लावून जोतिराम भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. शेवटी बुवाच त्याच्या मागून मोठ्यांदा म्हणाले, "बरं हाईत समदी! सकाळी ये!"

सकाळी उघडीप झाली. अंकुशच्या आधी सोनाबाई आली. दरीच्या तोंडाशी करवंदाच्या जाळीत अडकलेलं कापड तिनं काढून, घडी घालून डोक्यावरून आणलं होतं.

"गजोबाचा फेटा घावला, बुवा!"

एका कोपऱ्याला फाटलं होतं. बाकी धड होतं.

मोटारसायकल दारात थांबली. अंकुश आत आला. बुवांच्या पाया पडला, मग बापाच्या. जोतिरामला हातांचं काय करावं ते सुचेना. शेवटी त्यानं ते पाठीमागं धरले.

"चिमटं कुठायत, बाबा?"

जोतिराम खाली बघायला लागला. बुवांनी बोट दाखवलं. मठीमागं कपडे वाळत घालायच्या दोरीवर सोनाबाईची लुगडी आणि बुवांची भगवी धोतरं गजोबाच्या चिमट्यांत ऐटीत लटकत होती.

अंकुश हसला. मग बापही हसला. एकाचं नाक अगदी दुसऱ्यासारखं फेंदारलं. ते बघून आम्हीही हसलो.

पायांना बांधलेले उरलेले दोरही काढून टाकले. चिमटे लावले. कापड बसलं. फाटक्या कोपऱ्याला मात्र चिमटा धरेना. अंकुशनं इकडंतिकडं बघितलं, काल कापलेल्या दोराचा तुकडा उचलला आणि त्या कोपऱ्याला गाठ मारली. सुरगाठ. एक टोक मोकळं लोंबत ठेवलं.

जोतिरामचा उजवा हात पाठीमागून पुढं आला.

आम्ही सगळे त्या हाताकडे बघायला लागलो. सोनाबाईसुद्धा.

हात गाठीपर्यंत गेला. अंकुशला तो दिसला. त्याचे खांदे थोडे आवळले गेले. जुन्या सवयीनं त्यानं एक पाऊल बाजूला सरकून बापाला जागा करून दिली.

"बघा, बाबा," तो हळूच म्हणाला. "ढिली वाटत असंल तर…"

जोतिरामची बोटं दोराच्या लोंबत्या टोकाला लागली. तिथं थांबली…

मग हात गाठीवरून खाली आला. मोटारसायकलवरून येताना अंकुशच्या शर्टाची कॉलर दुमडली होती. जोतिरामनं ती सरळ केली. बराच वेळ सरळ करत राहिला.

"कशी हाय?" अंकुशनं विचारलं.

"ऱ्हाईल की."

"आनि न्हाई ऱ्हायली तर?"

"तर…" जोतिरामनं कॉलर सोडली. "तू हाईस की. परत मारशील."

अंकुशनं मान वळवली आणि उगाचच एका चिमट्याशी खटपट करायला लागला.

सोनाबाईनं चहा आणला. बुवा आज न वाकता आत शिरले आणि गजोबाखाली आपल्या जागेवर बसले. खालच्या उतारावरून थंड झुळूक आली. मोगरा हलला. वरचं कापड थोडं फुगलं, गाठीचं लोंबतं टोक डुललं.

जोतिरामनं एकदा गाठीकडे बघितलं. मग लेकाकडे बघितलं. आणि तो खाली बसला.

बुवांनी बशीत चहा ओतला. फुंकर घातली. डोळे मिटून चेहरा झुळकेकडे केला.

"जोतिरामा…"

"जी, बुवा?"

"आता सुटलं बघ वारं."